उलटं उमटलेलं नाव

भागूबाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेतलं नाही. नरसीत तिच्या वयाची कुठलीच बाई घेत नव्हती म्हणा. पण तेच नाव तिनं पन्नास वेळा तरी लाकडात कोरलं, आणि हे मात्र गावात दुसऱ्या कुणी केलेलं नव्हतं.

नवरा कोंडीबा ठसे कोरायचा. जवळा बाजारच्या व्यापाऱ्यांना कापसाच्या गोण्यांवर मार्का छापायला ठसा लागे, तो सागाच्या फळीत उलटा कोरून द्यायचा, म्हणजे छापल्यावर सुलटा दिसतो. पोटापाण्याचं काम उरकलं की त्याच पटाशीनं तो कयाधू नदीचं वळण, पलीकडची टेकडी, काठावरच्या बाभळी कोरायचा आणि कागदावर छापायचा. काजळी आणि जवसाचं तेल घोटून शाई करायची, ती बोळ्यानं फळीवर लावायची, वर कागद पसरून वाटीच्या बुडानं रगडायचा, ही कामं भागूबाईची. पहिल्या चित्राचा कागद उचलला तेव्हा ती घाबरीच झाली.

"आवो, नदी काहून माघारी चालली?"

कोंडीबा इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वेळी त्यानं नदीही उलटी कोरली.

त्र्याण्णव साली गावात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला. भागूबाईला वाटलं, आपल्याला अक्षरं येतात की! जन्म गेला ठशांवर शाई लावण्यात. पाटीवर तिनं ऐटीत अक्षरं काढली आणि सगळा वर्ग खो खो हसला. तिची सगळी अक्षरं उलटी होती. ती ठशांवरूनच शिकलेली. घरी आली ती पदरात तोंड लपवूनच.

कोंडीबानं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या हातात पटाशी दिली. "त्यांचं पाटीवर बराबर, तुझं लाकडावर बराबर. आजपासून चित्रावर नाव तू कोरायचं."

असं आहे हे! ज्या चुकीला गाव हसलं, तिला घरात मान मिळाला. भागूबाई कोपऱ्यात एका झटक्यात उलटं 'कोंडीबा' कोरायची, ते कागदावर सुलटं उमटायचं. तोंडानं न घेतलेलं नाव बोटांनी घेताना तिला फार गोड वाटे.

पण वर्गात जाणं तिनं सोडलं नव्हतं. वर्षभरात पाटीवरची अक्षरं सरळ झाली, आणि एक दिवस नदीच्या सगळ्यात मोठ्या चित्रावर हातानं आपसूक नाव सरळ कोरलं. कागदावर ते उलटं आलं. हात दाखवून अवलक्षण! कोंडीबानं चार कागद छापले, एक कुणा पाहुण्यानं नेला, आणि फळी चुलीच्या वरच्या भिंतीला खिळे मारून ठोकून टाकली. आपली चेष्टा म्हणून लटकवली, असं भागूबाईनं धरलं. जेवताना ती त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. दोन हजार दोन साली कोंडीबा गेला, तरी तिनं फळीला हात लावला नाही.

पाच वर्षांनी लेक शीतल औरंगाबादच्या चित्रकलेच्या कॉलेजातून घरी आली. तिच्या हातात मुंबईतल्या एका लिलावाचं पुस्तक होतं.

"माय, ही आपली कयाधू न्हाई का गं?"

नदी तीच, टेकडी तीच. खाली छापलं होतं: 'चित्रकार अज्ञात. कोपऱ्यात न लागलेली खूण.'

"ही खूण त्यांना लागंना. शाई फुटलीय, मलाबी लागंना," शीतल म्हणाली. "आठ दिवसांत लिलाव हाय. एकदा असंच विकलं गेलं की मग नाव कायमचं गेलं."

भागूबाईला एका नजरेत लागली. तिनं भिंतीवरचा आरसा काढून पुस्तकासमोर धरला. आरशात 'कोंडीबा' सरळ उभा राहिला. तिला मात्र रडूच कोसळलं. "म्याच मिटवलं गं बाई त्यांचं नाव. शहाणी व्हायला गेले, आन्..."

शीतलनं तिला जवळ घेतलं. मग म्हणाली, आरशावर कोण विश्वास ठेवणार, मूळ ठसा दाखवायला हवा. धुरानं काळी झालेली फळी दोघींनी भिंतीवरून उचकटली. पुसायला म्हणून शीतलनं उलटी केली तर मागं पेन्सिलीनं काही लिहिलेलं. तिनं वाचायला तोंड उघडलं, तोच भागूबाई म्हणाली, "थांब. मी वाचते."

एकेक अक्षर बोटाखाली घेत तिनं वाचलं. 'हे नाव कुणी मोडू नका. माझ्या भागूनं पहिल्यांदा सरळ लिहिलं.'

जिवंतपणी त्यानं तिला 'अवं'शिवाय हाक मारली नव्हती. ती कितीतरी वेळ चुलीपुढं फळी मांडीवर घेऊन बसून राहिली. तेरा वर्षं पाठ केली होती तिनं त्या भिंतीकडे!

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतलनं तालुक्याला जाऊन फळीचे फोटो ई-मेलनं मुंबईला पाठवले. दुपारी लिलाववाल्यांचा फोन आला. त्यांना हा ठसा कुणाचा ते घरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. शीतल सांगू लागली, तर भागूबाईनं फोन आपल्याकडे घेतला.

"चित्रकाराचं नाव काय, आजी?"

भागूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "कोंडीबा," ती हळूच म्हणाली.

"आवाज येत नाही. परत सांगता?"

ती उठून दाराबाहेर ओट्यावर आली. समोर शेजारणी धान्य निवडत होत्या.

"कोंडीबा!" भागूबाई ओरडून म्हणाली. "लिवून घ्या नीट. कोंडीबा!"