आठ भाषांची ताई

मी लिहिलेल्या जाहिरातीच्या ओळीखाली करंगळी धरून ताई ती ओळ मोठ्यानं वाचत आणि मग विचारत, "हे तुज्या आईला समजेल का?"

माझी आई पालघरला शिक्षिका होती. मी "समजेल" म्हटलं की त्या कागद परत सरकवत. "तुजी आई मास्तरीण. तिला सगलं समजतं. तुमच्या शेजारणीचं सांग."

कामानिमित्त तुम्ही बोईसरला राहिला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल. एका गल्लीत पाच भाषा ऐकू येतात आणि दुकानांच्या पाट्या इंग्रजीत असतात. ताई जवळच्याच समुद्रकाठच्या घिवली गावातल्या, कोळी घरातल्या. आईबरोबर बाजारात मासे विकताना त्या हिंदी, गुजराती आणि कामापुरती उडिया शिकल्या. बारावीनंतर एका छापखान्यात लागल्या. तिथं छापलेली एका दंतवैद्याची इंग्रजी पत्रकं वडेवाल्याकडे पोचलेली त्यांनी पाहिली आणि सरळ दवाखाना गाठला. "डॉक्टर, तुमच्या कागदावर लोक वडे खातात. वाचत कोन नाय."

ती पत्रकं त्यांनी चार भाषांत करून दिली. त्यासाठी शेजारच्या सरावलीत, कामगारांच्या चाळींत खोली-खोली फिरून माणसं शोधली. सुबक अक्षराचा एक उडिया कामगार, शिवणकाम करणारी एक बंगाली बाई, भोजपुरीत गाणी रचणारा एक पहारेकरी. पत्रकांवरून त्या रिक्षातल्या भोंग्यावर आल्या, भोंग्यावरून मोबाइलवरच्या जाहिरातींवर. मी मराठी लिहायला रुजू झाले, तेव्हा काम आठ भाषांत चालायचं.

पण प्रत्येक गिऱ्हाइकाला ताईच हव्या असत. दुसऱ्या कोणी फोन घेतला, तर लोक तो ठेवून देत. नारळी पुनवेला त्या घिवलीला गेल्या आणि अंगणात फिरत दिवसभर फोनवर बोलत राहिल्या. निघताना त्यांची आई म्हणाली, "तू येतेस, पन येत नायस." हे त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं.

पुढच्याच वर्षी मुंबईची एक कंपनी धंदा विकत मागायला आली, आणि ताईंनी विकला. "विकला की सुटले," म्हणाल्या. करार इंग्रजीत होता. तीन वर्षं त्यांनी तिथंच प्रमुख म्हणून राहायचं आणि त्यानंतर पाच वर्षं पत्रकाची की पाटीची एक ओळही कोणासाठी लिहायची नाही. आठ भाषांच्या त्या बाईंनी एवढा एकच कागद न समजता वाचला.

सहा महिन्यांत मुंबईहून हिंदी मजकूर येऊ लागला आणि संगणक त्याच्या उरलेल्या भाषा करू लागला. उडिया लिहिणारा गेला, बंगाली बाई गेली. मराठी तपासायला मी राहिले. ताईंना काचेची खोली मिळाली. पत्रकावर मात्र त्यांचाच फोटो असे, कारण लोक तो ओळखत.

वर्ष होत आलं, तेव्हा रक्ततपासणीचं शिबिर आलं. 'उपाशीपोटी या' याचं उडियात 'जेवून या' झालं. सरावलीच्या बायका अर्ध्या दिवसाचा खाडा करून, भात खाऊन आल्या आणि परत पाठवल्या गेल्या. त्यांतली एक जण पत्रक घेऊन थेट आमच्या कार्यालयात आली. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "दीदी, आपका मुँह देखके आए थे।"

ताईंनी मुंबईला फोन केला. चूक झाली असं रिक्षातून सांगू द्या, म्हणाल्या. पलीकडून उत्तर आलं, जाहीर काहीही बोलायचं नाही.

"तोंडानं सांगायला बंदी हाय का?" त्यांनी मला विचारलं. मी कराराची पानं उलटली. बंदी होती. 'कोणत्याही मार्गानं' असे शब्द होते.

त्यांनी चप्पल घातली. संध्याकाळभर आम्ही चाळीतलं एकेक दार वाजवलं. मोडक्या उडियात त्या तेच तेच सांगत होत्या: चूक आमची, पुढच्या शिबिराला काही न खाता या. एका म्हातारीनं त्यांना चहा दिला. तो उभ्यानंच पिऊन त्या पुढच्या दाराकडे निघाल्या.

आठवड्यात वकिलाची नोटीस आली. उरलेली दोन वर्षं ताई काचेच्या खोलीत बसून राहिल्या. त्यांच्याकडे कागद जात नसत. कोणी आत डोकावलं, तर टेबल पुसायला लागत.

तीन वर्षांची मुदत संपल्यावर त्या घिवलीला गेल्या; लिहायची बंदी आता कुठं सुरू झाली होती. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या वहिनीला सुक्या माशांसाठी पाटी हवी होती. ताईंनी ब्रश माझ्या हातात दिला. "तू लिही. उद्या कंपनीवाल्यांनी विचारलं, तर मी खोटं नाय बोलनार."

मराठी झालं, हिंदी झालं. गुजरातीत मी 'सूका बोंबील' लिहिलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटून त्या अक्षरांकडे बघत होत्या. वहिनीनं विचारलं, "बरोबर हाय ना?" ताईंनी टोपली उचलली. "माल पलटायचा हाय," म्हणून वाळवणाकडे निघून गेल्या.

महिन्याभरानं मी पुन्हा गेले. ताई कुठंतरी बाहेर गेल्या होत्या. पाटी दारात होती. गुजराती 'बोंबील'वर कोळशानं काट मारून कोणीतरी वर नीट अक्षरांत 'बूमला' हे बोंबलाचं खरं गुजराती नाव लिहिलं होतं.

कोणी लिहिलं, हे मी वहिनीला विचारलं नाही. ताईंना तर कधीच विचारणार नाही. त्या खोटं बोलणार नाहीत.