खिडकीतून आलेलं टेबल

दादा अॅमस्टरडॅमला शिकायला गेला तेव्हा मी अकरावीत होते. आई, बाबा आणि मी त्याच्याकडे सुट्टीला गेलो तोवर माझं कॉलेज संपत आलं होतं. मधल्या काळात बडोद्यात आमच्या कारेलीबागेत स्कूटरच्या जागी गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या आणि दर दोन घरांआड कोणी ना कोणी 'बाहेर' होतं. आई मात्र दादाबद्दल अशी बोलायची, जसा तो हॉस्टेलवर राहतोय. आधी म्हणायची, "शिकून झालं की येईल." नोकरी लागल्यावर म्हणायला लागली, "थोडा अनुभव घेतला की येईल."

त्याच वर्षी आमच्या समोरचा फ्लॅट विकायला निघाला. जिन्याच्या एका बाजूला आमचं दार, दुसऱ्या बाजूला त्यांचं. आईने मालकीणबाईंना सांगून टाकलं, "अमे पाछा आवीए त्यां सुधी कोईने आपता नहीं." त्याही भल्या, आम्ही परत येईपर्यंत कोणाला न देता थांबायला तयार झाल्या. मग आईने आम्हाला बजावलं, की सुट्टी तुमची, मी कामाला चाललेय. तो फ्लॅट दादासाठी घ्यायला त्याच्याकडून होकार आणायचा, हे तिचं काम. त्यासाठी तिने लीलो चेवडो, भाखरवडी, शेव असं सगळं डब्यांत ठासून भरलं. पोटातून जाणारा रस्ता तिला पाठ होता.

मला ते गाव पहिल्याच दिवशी आवडलं. आईने ते आवडून घ्यायचं नाही असं ठरवूनच पाऊल ठेवलं होतं, त्यामुळे मला तिचा रागच येत होता. कालव्यांच्या काठाने अरुंद, उंच घरं एकमेकांना खेटून उभी, काही तर पाण्याकडे जरा वाकलेली. दादा अशाच एका जुन्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहत होता. जिना इतका उभा, की आई माळ्यावरून उतरावं तशी उलटी उतरायची आणि प्रत्येक पायरीला पुटपुटायची, "एवढी शहाणी माणसं, पण यांना धड जिना करता येऊ नये!"

बाबांचा वेगळाच तमाशा. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती हा आमचा पिढ्यांचा रिवाज. त्यामुळे घराबाहेरचा माणूस दिसला, की बाबांची जीभ आपोआप वळायची. ट्राममध्ये चढताना त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "भाई, स्टेशन जशे ने?" त्या सोनेरी दाढीवाल्याने मान हलवली आणि ट्राम खरोखर स्टेशनला गेली. "पाहिलंस? समजलं त्याला," बाबा म्हणाले. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कुठल्या भाषेचा विचारच केला नाही.

एका दुपारी दादाने आम्हाला काचेच्या छपराच्या बोटीतून फिरवलं. पाण्यावर तरंगती घरं होती, त्यांच्या खिडक्यांत कुंड्या, कुठे वाळत घातलेले कपडे. बाबा बराच वेळ पाण्यात बघत राहिले आणि हळूच विचारते झाले, "यात मगरी नसतात?" दादा पोट धरून हसला. पण बडोद्याचा माणूस दुसरं काय विचारणार? विश्वामित्रीला पूर आला, की एखादी मगर सरळ सोसायटीच्या आवारात येऊन पसरते. "मगर नाही, पूर नाही, म्हणून चाललेत यांचे लाड," आई म्हणाली आणि त्याच दमात तिने विषय काढला.

"समोरचा फ्लॅट निघालाय. तू लगेच ये असं नाही म्हणत मी. फक्त हो म्हण, बाकीचं आम्ही बघतो."

बोट एका पुलाखालून चालली होती. पूल संपून पुन्हा ऊन आलं तसा दादा आईकडे वळला. मग म्हणाला, "दोन-तीन वर्षं जाऊ देत, आई. मग बघू."

दारावर येणाऱ्या विक्रेत्याला आम्ही म्हणतो, तेच हे 'बघू' होतं. मला ते तिथल्या तिथे कळलं. आईला कळलं नाही, किंवा तिला कळून घ्यायचं नव्हतं. तिच्या दृष्टीने दादा हो म्हणाला होता. त्या क्षणापासून तिची सुट्टी सुरू झाली. तिने ट्यूलिपच्या वाफ्यापाशी उभं राहून फोटो काढून घेतले, चीज खाल्लं, सायकलवरून पोरं नेणाऱ्या बायांचं कौतुक केलं. रात्री झोपताना मला सांगायची, की पूर्वेकडची खोली दादाची, आणि दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच ठेवायची म्हणजे एकच घर होईल. ती इतकी खुशीत होती, की मलाही वाटायला लागलं, कोण जाणे, येईलही.

मग शनिवारी सकाळी खाली एक टेम्पो येऊन थांबला. दोन आडदांड माणसं उतरली, त्यांच्या खांद्यावर जाडजूड दोर. "आई, खिडकीपासून जरा बाजूला हो," दादा म्हणाला. तिकडच्या जुन्या घरांना अगदी वर, माथ्यावर, एक लोखंडी आकडा असतो. जिन्यातून मोठं सामान चढत नाही, म्हणून ते त्या आकड्याला कप्पी लावून बाहेरून वर ओढतात आणि खिडकीतून आत घेतात. त्या दिवशी टेम्पोतून निघालं ते एक जेवणाचं टेबल. चांगलं जाड लाकडाचं, मागोमाग सहा खुर्च्या.

बाबांची उभी हयात रिफायनरीत क्रेन आणि कप्प्यांमध्ये गेलेली. ते कसले वर थांबतात? आम्ही खिडकीतून डोकावलो, तोवर त्यांनी खाली ताबा घेतला होता. "धीमे, धीमे! डाबी बाजु! अरे, दोरडुं पकड ने भाई!" हाताच्या खुणा मात्र जगभर एकच असाव्यात, कारण ती माणसं बाबा हात करतील तसा दोर ओढत होती. दादा खिडकीतून अर्धा बाहेर वाकून त्यांच्याशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला आणि तिघेही खो-खो हसले. त्या भाषेत दादाला चेष्टा करताना मी प्रथमच ऐकत होते. आई टेबलाकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत राहिली.

टेबल हेलकावे खात वर आलं आणि खिडकीतून आत आलं. आई त्याच्यावर हात टेकून म्हणाली, "भाड्याच्या घरात एवढं जड टेबल कशाला रे?"

दादाच्या हातात अजून दोर होता. "भाड्याचं नाहीये, आई. मी घेतलं हे घर. फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून तुम्हाला बोलावलं."

तेवढ्यात बाबा धापा टाकत वर आले. "बघा, एक ओरखडा नाही!" माझं मात्र डोकं फिरलं होतं. आईसमोरच मी दादावर ओरडले, की मग बोटीत 'बघू' कशाला म्हणालास? "तिचा चेहरा पाहिला होतास ना तू?" एवढंच तो म्हणाला. पाहिला होता मी. तरी माझा राग काही गेला नाही, आणि खरं सांगायचं तर आजही थोडा शिल्लक आहे.

आई खिडकीशी जाऊन कालव्याकडे तोंड करून उभी राहिली. मग वळली आणि मला म्हणाली, "फडकं ओलं करून आण. धूळ बसलीये यावर." तिने टेबल पुसलं, खाली बसून त्याचे चारही पाय पुसले, आणि दुपारी आम्ही त्यावरच वरणभात जेवलो. फ्लॅटचा विषय तिने पुन्हा काढला नाही. आम्ही बडोद्याला परतल्यावर तो एका बँकवाल्या कुटुंबाने घेतला.

आमच्याकडे कोणी लांब निघालं, की आई त्याच्या तळहातावर दही ठेवते. निघणारा ते खातो, म्हणजे सुखरूप जातो आणि परत येतो, असं ती मानते. दादाच्या बाबतीत तिचा नेम कधी चुकला नव्हता. आम्ही निघायच्या सकाळी बॅगा दाराशी लागल्या, तशी ती सवयीने फ्रिजकडे गेली, दह्याचा डबा काढला, चमचा घेतला आणि दादासमोर येऊन थबकली. तो कुठेच चालला नव्हता. दादाने तिच्या हातातून डबा घेतला. बाबांच्या हातावर दही घातलं, माझ्या हातावर घातलं, आणि मग तिच्यापुढे उभा राहिला. मला रडू फुटलं. आईने मात्र मुकाट्याने हात पुढे केला, दही खाल्लं आणि म्हणाली, "येते हं."