आईचा नंबर कुणी दिला

आमच्या आईकडं बटणांचा साधा फोन होता. त्यावर तिघांचेच फोन यायचे. मी नांदेडहून करायचे, मावशी धर्माबादहून, आणि पप्पा शाळेतून निघताना, भाजी काय आणू म्हणून. बाकी दिवसभर तो फोन देवघराच्या कोनाड्यात गप पडलेला असायचा.

धाकट्या बहिणीचा दहावीचा निकाल लागला आणि तो फोन वाजायचा थांबेचना.

पहिला फोन एका बाईचा. आवाज गोड. "अभिनंदन मॅडम! आपली मुलगी दहावी झाली ना? मेडिकलचं काय ठरवलंय मग?" आईला जन्मात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "हाव." तिला वाटलं, शाळेतूनच कुणीतरी आहे. मग दुसरा क्लास, तिसरा क्लास, मेसवाले, होस्टेलवाले. सगळे लातूरचे. आणि मग एक माणूस. त्यानं ना क्लासचं नाव सांगितलं ना स्वतःचं. "मुलगी घरी आहे का? तिच्याकडंच द्या फोन." आईनं कट केला. दुसऱ्या दिवशी परत तोच. "होस्टेलच्या कार्डासाठी तिचा फोटो पाठवा. नाव काय म्हणालात तिचं?"

आईनं पप्पांना सांगितलं. पप्पा कंधार तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक. आवाज चढवणारा माणूस नाही. जेवता जेवता म्हणाले, "लातूर बंद. अकरावी इथंच कंधारला करायची."

बहीण आठवीपासून लातूरचं स्वप्न बघत होती. तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर लातूरच्या एसटीचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. तिनं ताट सारलं. "कुण्या येड्यानं फोन केला म्हणून मी घरात बसू का?"

"येड्याला नंबर कुणी दिला ते कळू दे आधी," पप्पा म्हणाले.

मी सुट्टीत घरी होते. मला वाटलं, हे काम माझं. नांदेडला कॉलेजात असताना मी विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत होते. पत्रकं लिहायची, वाटायची, निवेदनं द्यायची. माझ्या पत्रकात प्रश्नचिन्हांपेक्षा उद्गारचिन्हं जास्त असतात, असं पप्पा म्हणायचे. आणि नंबर कुणी दिला, हे मला शोधावंच लागणार नव्हतं. मला ते अगोदरपासून माहीत होतं. ॲप!

त्या वर्षी शाळांना एक नवीन ॲप आलं होतं. हजेरी त्यात, लेकरांचे फोटो त्यात, पालकांचे नंबर त्यात. कुणी बनवलं, माहिती कुठं साठवतात, कुणाला विचारायचं, काहीच धड सांगत नव्हते. मेमध्येच आम्ही त्याच्याविरोधात रान उठवलं होतं. "लेकरांची माहिती विकाऊ नाही!" असं पत्रक माझंच. गावोगाव फिरून पालकांच्या सह्या घेतल्या. तहसीलला निवेदन दिलं. निवेदन देताना कागदाच्या एका टोकाला आम्ही सगळे हात लावून उभे, दुसऱ्या टोकाला साहेब, असा फोटो काढला आणि सगळीकडं टाकला. आमच्याकडं फोटो निघाल्याशिवाय निवेदन दिल्यासारखं वाटतच नाही. निवेदनाच्या खाली "प्रत माहितीस्तव" लिहून जिल्ह्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची नावं घातली. एवढं करूनही कुणी ऐकलं नाही, आणि आता हे फोन. मी म्हणत होते तेच झालं होतं. खरं सांगायचं तर आतून मला थोडं बरंही वाटलं.

शाळा उघडायच्या आठ दिवस आधी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, त्याच ॲपचं. सोबत ऑनलाइन सुरक्षेचे नवीन नियमही शिकवणार होते. पप्पांना फोनमधलं फार जमत नसे. म्हणाले, "तू चल माय माझ्यासंगं. मागं बस गुपचूप." मी गेले. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. पप्पांना वाटलं डबा आहे.

हॉलमध्ये पंखे जोरात फिरत होते आणि पडद्याऐवजी लावलेली चादर हलत होती, त्यामुळं तिच्यावरची अक्षरंही हलत होती. शिकवायला एक तरुण सर आले होते. गळ्यात ओळखपत्र, पायात बूट. मला बघताक्षणी संशय आला.

ते म्हणाले, "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही."

मागून एक गुरुजी: "बायकोला सांगायचा का, सर?"

"तिला आपल्या आधी माहीत असतो," दुसरे म्हणाले. हॉल हसला.

"पासवर्ड कुठंही लिहून ठेवायचा नाही."

"आमच्या हेडसरांनी हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लिवलाय. खडूनं न्हाई हां, पेनानं. पुसला जाऊ नये म्हणून."

चादरीवर पुढं नियम आले. लेकराचा फोटो आणि नाव एकत्र टाकायचं नाही. पालकांचे नंबर असलेली कुठलीही यादी ग्रुपवर टाकायची नाही, भिंतीवर लावायची नाही. मला राग आला. चोरानंच कुलूप कसं लावायचं ते शिकवावं, तसं वाटलं. मी उभी राहिले.

"सर, तुम्ही कुठले?"

"लातूरचा."

"पहिलं काय करायचात?"

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "क्लासला शिकवायचो. दोन वर्षं."

"बघा!" मी हॉलकडं वळले. "क्लासचा माणूस शाळेत येऊन लेकरांची माहिती गोळा करून राहिला, आणि तुम्ही हसून राहिले!" आईला आलेले सगळे फोन मी सांगितले. त्या बिननावाच्या माणसाचंही सांगितलं. मी पत्रकं वाटायला लागले.

सरांनी आवाज चढवला नाही, याचाही मला संशय आला. ते म्हणाले, "ताई, तुमच्या बहिणीची नोंद आपण आत्ताच उघडू. वडिलांनी त्यांच्याच फोनवर उघडावी." पप्पांनी एका बोटानं शोधत शोधत उघडली. पालकाचा मोबाईल म्हणून एकच नंबर होता, पप्पांचा. आईचा रकाना कोरा.

"तुम्ही काढून टाकला असेल," मी म्हणाले.

"कधी?"

"आत्ता. मी बोलत होते तेव्हा."

यावर हॉल हसला, आणि या वेळी मला हसला. शेजारचे म्हातारे गुरुजी पप्पांना म्हणाले, "सर, तुमची पोरगी लई कडक हाय हो." पप्पांनी मान वर केली नाही. ते कोऱ्या रकान्याकडं बघत राहिले.

घरी आई अंगणात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"पर माझा नंबर शाळंत न्हाईच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शाळंत कायम तुझ्या पप्पाचाच दिलेला हाय."

"मग गॅसचा असेल. नाही तर बँकेचा. तिथून गेला."

"गॅस त्यांच्या नावावर. बँकेतबी त्यांचाच नंबर. मला कोण इचारतंय?" तिनं एक खडा बाजूला टाकला. "माझ्या हातानं मी नंबर एकाच जागी लिवला, बाई. तुझ्या कागदावर. पहिली सही आईची घ्यायची म्हणलीस न तू?"

मी फोन काढला. तालुक्याच्या बातम्यांचा एक मोठा ग्रुप होता, मी मेमध्ये त्यात निवेदन टाकलेलं. वर सरकवत गेले. आमचा फोटो सापडला, साहेब आणि सगळ्यांचे हात. त्याखाली पीडीएफ. सह्या खोट्या आहेत असं कुणी म्हणू नये म्हणून मी सह्यांची सगळी पानं जोडली होती. पहिल्या पानावरची पहिली ओळ आईची. नाव, गाव, पाल्य: मुलगी, दहावी. मोबाईल नंबर. मग तिची सही, शाळेच्या पाटीवर काढावी तशी जपून काढलेली. त्याखाली पानंच्या पानं लोक. रकाने मीच आखले होते, पट्टीनं. आणि माझ्या त्या संदेशाखाली तिसराच संदेश लातूरच्या एका क्लासच्या जाहिरातीचा होता, हात जोडलेल्या चित्रासकट.

असल्या सतरा ग्रुपवर मी ते टाकलं होतं. माहितीस्तव.

बहीण दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्हणजे चूक हिची, आन् लातूर माझं बंद?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पप्पांना सांगणं भाग होतं. ते खाटेवर प्रशिक्षणाची पुस्तिका चाळत बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. मला वाटलं, हॉलमधला सगळा राग आता निघणार. ते पुस्तिका मिटून म्हणाले, "तो पोरगाबी चांगलाच होता."

"कोण?"

पप्पांचं मूळ गाव किल्लारीकडचं. भूकंप झाला तेव्हा ते कॉलेजात होते. त्याबद्दल ते फार बोलत नसत. आमच्या घरात भूकंप म्हणजे एक भिंतीवरचा फोटो आणि एक गप्पपणा, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हा बाहेरून एक कॉलेजचा मुलगा आला. मदत कुणाला मिळाली, कुणाला नाही, घोळ होऊ नये म्हणून त्यानं घरोघरची यादी केली. कोण गेलं, कोण उरलं, कुणाचं लेकरू एकटं राहिलं. लिहिता लिहिता तो रडायचा. मग सगळा कारभार उघड असावा म्हणून यादी त्यानं शेडवर चिकटवली. चौथ्या दिवशी एक जीप आली. तिच्यातल्या माणसांनी पप्पांच्या भाचीला नावानं हाक मारली. आम्ही पोरीला शिकवतो, नेतो, म्हणाले. ती आठ वर्षांची होती. तिला कोण उरलंय, कोण नाही, सगळं त्यांना पाठ होतं.

"मग?"

"मग काय. मी दारात आडवा उभा ऱ्हायलो. गेली जीप रिकामी." त्यांनी पुस्तिकेचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "त्या पोराला मी लई शिव्या दिल्या. तो म्हणला, मी तर मदतच करून राहिलो होतो. खरं म्हणला तो."

मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"पहिलं ते काढ," पप्पा म्हणाले. "मग जेवढ्या दारात सही घेतली, तेवढ्या दारात जाऊन तोंडानं सांग. लातूरचं मंग बगू."

काढायला गेले तर निघेना. एवढे दिवस झाल्यावर तो संदेश फक्त माझ्या फोनमधून जात होता, दुसऱ्यांच्या नाही. एकेका ग्रुपच्या ॲडमिनला विनवण्या केल्या. काहींनी काढला. एकानं विचारलं, "कामून काढायचा? एवढं चांगलं निवेदन हाय!" दोघांनी उत्तरच दिलं नाही. ती पीडीएफ अजून कुठं कुठं आहे, मला माहीत नाही.

मग दारं. बहीण माझ्याबरोबर चालत यायची, बोलायची नाही. मी सांगायचे, अनोळखी फोन आला तर मुलीचं नाव सांगू नका, फोटो देऊ नका, चूक माझी आहे. एक बाई म्हणाली, "मलाबी आला माय. मला वाटलं सरकारचा हाय, मी समदं सांगून टाकलं." कुणाकुणाला काय काय सांगितलं, ते तिच्याजवळ बसून मी एकेक आठवून घेतलं. निघताना ती पेन घेऊन आली. "आता परत सही पाहिजे का?"

दुसरं पत्रक काढलं ते माफीचं. पप्पांनी तपासून चार उद्गारचिन्हं खोडली. एक प्रत त्या प्रशिक्षणाच्या सरांना नेऊन दिली. त्यांनी उभ्यानं वाचली आणि विचारलं, "हे मी पुढच्या तालुक्यात दाखवू का? तुमचं नाव झाकून." मी हो म्हणाले. ॲपबद्दलचे माझे प्रश्न मात्र मी मागं घेतले नाहीत, हेही त्यांना सांगितलं. माहिती कुठं साठवतात, ते त्यांनाही माहीत नव्हतं. संशय माझा खोटा नव्हता. मी तो फक्त स्वतःच्या कागदावर धरला नाही.

शेवटचं दार झालं त्या दिवशी बहीण पप्पांसमोर जाऊन उभी राहिली. "समदी दारं झाली. मी संगं होते. आता सांगा."

पप्पांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बघितलं. "सकाळची कितीची हाय?"

लातूरला मी, ती आणि पप्पा गेलो. होस्टेलच्या बाईंनी फॉर्म पुढं केला. पालकाचा मोबाईल नंबर, दोन रकाने. पप्पांनी स्वतःचा लिहिला आणि पेन माझ्याकडं दिलं. "दुसरा तुझा लिही. आईचा न्हाई. इथून पुढं कुणाचाबी फोन आला तर तू घ्यायचा."

मी लिहिला. टेबलावर मुलींचं रजिस्टर उघडंच पडलं होतं. नाव, गाव, पालकांचा नंबर, खोली नंबर. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही वाचावं असं. मी ते मिटलं.

"अहो, ते उघडंच लागतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी परत उघडलं.

मी परत मिटलं आणि त्याच्यावर हात ठेवून बसले. बहीण पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसली, आणि पिशवी तिथंच टाकून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.