ग्रीसचे समुद्रकिनारे आणि बॅगांपाशी मी

मंडळी, दुपारपासून मला एका जागी बसवत नाहीये, म्हणून लिहितेय.

आज अमेरिकेत मॉरिसव्हिलला लेकीकडे आमच्या ग्रीसच्या ट्रिपचे फोटो टीव्हीवर लावले होते. ग्रीसमध्ये आम्ही रोज सकाळी भाड्याच्या गाडीने नवा बीच गाठायचो आणि संध्याकाळी परतायचो. फोटोंत निळंशार पाणी, त्यात लेक, जावई, नात. आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात छत्रीखाली मी, बॅगा आणि चपलांपाशी.

नातीने विचारलं, "आजी, व्हाय आर यू ऑल्वेज विथ द बॅग्ज?"

जावई म्हणाला, "आई होत्या म्हणून तर आम्ही बिनधास्त पोहलो!"

सगळे हसले. मला हसू येईना. राखण करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. "जा तुम्ही, मी आहे इथे," असं मीच दरडावायचे. शेजारी माझ्याच वयाच्या ग्रीक बायका सामान वाळूत टाकून खुशाल पाण्यात शिरत होत्या.

शनिवारी आम्ही इथल्या समुद्रावर जातोय. मी जाहीर केलं, बॅगा गाडीत राहतील, मी पाण्यात येणार.

"आई, तुम्हाला पोहता कुठे येतं?" जावयाने विचारलं.

"गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं."

तुमच्या घरी बॅगांपाशी कोण बसतं? आज विचारा तिला.