भाचीला दिलेली अर्धी गोळी

आमच्या सोसायटीत कुणाचं काही दुखलं की लोक आधी माझ्याकडे यायचे, मग दवाखान्यात. खरं तर डॉक्टरकीचा मला गंधही नाही. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते आणि आता निवृत्त आहे. पण घरात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्यात आमच्याकडच्या प्रत्येक आजारपणातल्या उरलेल्या गोळ्या. कोणती कशावर, ते मला तोंडपाठ. खालच्या मजल्यावरच्या आजी मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायच्या. मी वरवर ‘काहीतरीच काय’ म्हणायचे आणि मनातून फुलून जायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या शेखीतूनच झालं.

माझा धाकटा भाऊ घोटीजवळ भातशेती करतो. त्याची मुलगी बारावीनंतर कॉलेजसाठी आणि पळण्यासाठी शहरात आमच्याकडे हिरावाडीत राहायला आली. पाच हजार मीटर पळायची. पहाटे साडेपाचला स्टेडियमवर, आठला घरी, मग पाच पोळ्या आणि वाटीभर शेंगदाणे खाऊन कॉलेजला. आम्हाला मूलबाळ नाही. तिचे बूट दारात दिसले की आमचे हे सुद्धा उगाच गुणगुणायला लागायचे. मी तर तिच्या पळण्याच्या गोष्टी भाजीवाल्यालाही सांगायचे.

उन्हाळ्यात तिची उजवी नडगी दुखायला लागली. तिचे प्रशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, ते म्हणाले, “एक्स-रे काढ आणि दोन आठवडे पळायचं नाही.” जुलैत राज्य स्पर्धेची निवड चाचणी होती. पोरगी रडकुंडीला आली. मी डबा काढला. आदल्या वर्षी यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी पाच दिवसांपुरत्या जबर गोळ्या लिहून दिल्या होत्या. यांना दुसऱ्याच दिवशी मळमळायला लागलं, म्हणून बाकीच्या तशाच राहिल्या होत्या. त्यातली एक मी सुरीनं अर्धी केली.

“सरांना विचारू का?” ती म्हणाली.

“सर काय डॉक्टर आहेत?” मी म्हणाले. मी, टायपिस्ट!

दुसऱ्या दिवशी ती मैदानावरून आली ती हसतच. “आत्या, पाय दुखतोय हेच विसरले मी!” त्या दिवशी मी शिरा केला. एक्स-रे राहूनच गेला. सरांना तिनं ‘आता बरं आहे’ म्हणून सांगितलं आणि ते तिनं माझ्या सांगण्यावरून सांगितलं.

आधी कठीण सरावाच्या दिवशी अर्धी, मग रोज अर्धी, मग अर्धीनं भागेना म्हणून पूर्ण. उरलेल्या संपल्या तेव्हा मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. त्यांनी चिठ्ठी मागितली. मी यांची जुनीच चिठ्ठी नेली होती. तारखेवर अंगठा ठेवून ती काउंटरवरून दाखवली. दुकानदार आम्हाला पंधरा वर्षं ओळखतो.

“साहेबांचा गुडघा अजून त्रास देतोय का?” त्यानं काळजीनं विचारलं.

“हो ना,” मी म्हणाले.

साहेब त्याच सकाळी गंगेवर, म्हणजे नदीकाठच्या बाजारात, पायी जाऊन दोन पिशव्या भाजी घेऊन आले होते.

पोरगी हळूहळू बदलली. पुस्तकावर डुलक्या घ्यायची, सारखी नाक खाजवायची, जेवण अर्ध्यावर टाकायची. गोळीला उशीर झाला की घाम यायचा आणि चिडचिड व्हायची. एरवी उलट शब्द न बोलणारी मुलगी यांच्यावर एकदा ओरडली. मी म्हटलं, चाचणीचं टेन्शन आहे. सोसायटीभर निदान करत फिरणाऱ्या बाईला घरातलं एवढं दिसू नये! आणि एके दिवशी आदल्या संध्याकाळी फोडलेल्या स्ट्रिपमधल्या तीन गोळ्या गायब होत्या. मी दिली होती एक.

ते मात्र मला दिसलं. स्ट्रिप हातात घेऊन मी ओट्यापाशी बराच वेळ उभी होते. तिला विचारलं असतं, तर तिला ही सवय लावली कुणी, हे आधी मलाच सांगावं लागलं असतं. शिवाय चाचणीला नऊ दिवस उरले होते. मी डबा फडताळात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि आपण बंदोबस्त केला असं मनाशी म्हणून कणीक मळायला घेतली. पोरगी माझ्यापेक्षा वीतभर उंच होती.

चाचणीच्या दिवशी मी पायऱ्यांवर बसून शेजारच्या बायकांना सांगत होते, “ती दुसरी, निळ्या चड्डीतली, माझी भाची.” शेवटून दुसऱ्या फेरीत ती वळणावर खाली बसली. पडली म्हणवत नाही, पाय तिच्याखालून निघून गेल्यासारखी बसली. सर धावत गेले. मी पोहोचेपर्यंत त्यांनी तिचा बूट काढला होता आणि कुणी तरी रिक्षा बोलावायला गेलं होतं.

मला मुलगी असती तर दवाखान्यातल्या डॉक्टरांच्याच वयाची असती. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. “ही चीर जुनी आहे. आज हाड पूर्ण मोडलं. इतके दिवस ही पळत कशी होती? काय घेत होती?”

खोलीत सर होते, मी होते, आणि शेतातली भाताची आवणी सोडून घोटीहून आलेला माझा भाऊ होता. पोरीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. छताकडे बघत ती म्हणाली, “आत्याच्या डब्यातल्या गोळ्या. मीच काढून घ्यायचे. तिला माहीत नव्हतं.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. ही गोळी अफूच्या जातीतली आहे, त्यांनी सावकाश समजावलं. दुखणं बरं होत नाही, फक्त कळेनासं होतं. शरीराला तिची सवय लागते. मग तेवढ्यानं भागत नाही. एखाद्या दिवशी जास्त घेतली असती तर झोपेतच श्वास थांबला असता. आता एकदम बंद करायची नाही, त्यांच्या देखरेखीखाली कमी करत आणायची. यात लपवण्यासारखं काही नाही, हा आजार आहे, असंही त्या म्हणाल्या. पण माझ्या भावाच्या कानात त्यातलं काहीच शिरलं नाही; जो शब्द कुणी उच्चारलाच नव्हता, तो त्यानं स्वतःच आणला.

“चोरी केली? आत्याच्या घरात ऱ्हाऊन चोरी?”

मी तिच्या पायावरची चादर सारखी करत होते. तेव्हा बोलायचं होतं. एकच वाक्य होतं. मी तोंड उघडलंही, आणि म्हणाले, “जाऊ दे रे, पोर आहे.”

माझ्याच गुन्ह्याबद्दल मी तिला मोठ्या मनानं क्षमा केली. भाऊ माझ्या पाया पडायला वाकला. या प्रसंगाची आठवण आली की अजूनही मी घरात एकटी असताना मोठ्यानं काहीतरी बोलते, म्हणजे ती पुढे सरकू नये.

भाऊ तिला घोटीला घेऊन गेला. दर आठवड्याला तो तिला डॉक्टरांकडे आणायचा, पण आमच्याकडे यायचा नाही. कोणत्या तोंडानं यायचं, असं म्हणायचा. भावजय फोनवर सांगायची, “हे बोलतच नाय तिच्याशी. कपाटाला कुलूप लावलंय. घरात कुनी आलं का पोरगी आत जाऊन बसती.” तीन आठवडे मी हे ऐकलं आणि ‘होईल सगळं ठीक’ म्हणत राहिले. शेवटी एका दुपारी यांना सांगितलं. यांनी पेपर खाली ठेवला. “भावाला अजून नाही सांगितलंस?” एवढंच विचारलं, म्हणजे यांना सगळं आधीच कळलं होतं. मी चप्पल घातली आणि सीबीएस स्टँडवरून घोटीची एसटी धरली.

भाऊ ओसरीत होता. मी पाणीसुद्धा घेतलं नाही, घेतलं असतं तर पुन्हा लांबलं असतं. उभ्या उभ्या सांगितलं. पहिली गोळी मी दिली. रोजची मी दिली. मेडिकलमधून खोटं बोलून मी आणली. तिनं वरून घेतल्या तेही मला माहीत होतं, आणि दवाखान्यात मी गप्प राहिले. मला वाटलं भाऊ ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“ताई, एकवीस दिस म्या पोरीशी बोललो नाय,” तो म्हणाला.

मग उठून आत गेला. आतून आधी तिचं रडणं ऐकू आलं, मग त्याचं. मी खांबाला धरून उभी होते. मला कुणी आत बोलावलं नाही आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. बऱ्याच वेळानं मीच भावजयीला विचारलं, “मी भेटू तिला?”

माझी भावजय माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, अजून मला वाकून नमस्कार करते. ती दारात येऊन उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, “भेटा ना, ताई. पन पर्स भाईर ठिवा.”

पर्समध्ये डोकेदुखीच्या साध्या गोळ्यांची एक स्ट्रिप होती, एसटीत डोकं धरलं तर असावी म्हणून. मी ती काढून तिच्या हातात दिली, पर्स ओसरीवर ठेवली आणि आत गेले.