हिशेब न विचारायचे दहा रुपये

१९९४ सालच्या मे महिन्यातला शेवटचा रविवार. खिशात सव्वाशे रुपये. माणसे चार: मी, बायको, तेरा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा.

शाळा उघडण्याच्या आधीच्या रविवारी कल्लणैला जायचे, हा आमच्या घरचा माझ्या वडिलांपासूनचा नेम. कावेरीवरचे ते जुने दगडी धरण तंजावूरहून बसने दीडेक तासावर आहे. त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातावर थोडे पैसे ठेवायचे आणि त्यांचे काय केले ते विचारायचे नाही, हाही वडिलांचाच नेम. मला चार आणे मिळत, मी मुलांना दहा रुपये देत असे. आमच्या घरात बिनहिशेबी खर्च तेवढाच.

आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतले मराठी. नवरा-बायको आपसात मराठी बोलतो, मुलांशी तमिळ. मुलांना मराठी 'जेव', 'नीज', 'चल' एवढ्यापुरतीच कळते असा माझा समज होता, कारण उत्तरे ती कायम तमिळमध्येच देत. त्यामुळे पैशाचे, दुखण्याचे, नातेवाइकांच्या भानगडींचे बोलणे आम्ही त्यांच्या देखत मराठीत उरकत असू. दार लावून घेतल्यासारखे वाटे.

बसमध्ये मुले आमच्या पुढच्याच बाकावर होती. मुलगी खिडकीशी.

"शाळेतून तिची टीसी काढून आणलीत, ते तिला कधी सांगणार?" बायकोने विचारले.

"घरी गेल्यावर. आज खेळू दे."

"नववीत एकदम तमिळ माध्यम? आणि सगळ्या मैत्रिणी तिकडे."

"सरकारी शाळेत वाघ खातो का? मी तिथेच शिकलो. हुशार आहे ती, निभावेल."

"म्हणजे हुशार आहे म्हणून तिला काढायचं, आणि हा गणितात गटांगळ्या खातो म्हणून ह्याला ठेवायचं?"

मी आकडे सांगितले. इंग्रजी शाळेने दोघांचीही फी वाढवली होती. एकाचे वर्षाचे अठराशे. दोघांचे बसत नव्हते.

"टीव्हीचा हप्ता बरा बसतो," बायको म्हणाली.

रंगीत टीव्ही आम्ही मार्चअखेरीस घेतला होता. गल्लीत केबल आली, समोरच्यांनी घेतला, मग आम्हीही. महिन्याला साडेचारशे.

"परत केला तर गल्ली हसेल," मी म्हणालो. पुढच्या बाकावरच्या दोन वेण्या जराही हलल्या नाहीत.

मे महिन्यात कावेरीला पाणी नसते. दारांखाली डबकी उरतात, बाकी सगळी वाळू. दरवर्षी मुलगी उतरल्या उतरल्या वाळूत खड्डा खणायची आणि तळाशी पाणी झिरपले की आम्हा सगळ्यांना हाका मारून दाखवायची. त्या दिवशी खड्डा मुलाने खणला. ती सावलीत आईजवळ बसली. पानात बांधून आणलेला चिंचेचा भात तिने आपल्या वाटणीतला अर्धा भावाला दिला. तिखट-मीठ लावलेली कैरी विकणाऱ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. मुलाने आल्या आल्या प्लास्टिकचा काळा चष्मा घेतला, दोन आइसफ्रूट खाल्ली आणि खिसा उलटा करून दाखवला.

"अक्का, तू काही घेत का नाहीस?"

"नको."

"अप्पा, अक्का तुमच्यासारखी झाली! आता तीपण हिशेबाची वही लिहिणार!"

आम्ही हसलो. मला तर बरे वाटले. मुलगी शहाणी झाली, असे मी बायकोला म्हणालो, आणि तेही मराठीत. मनात त्या दिवसाचा खर्चही मांडला. गेल्या वर्षीपेक्षा कमी भरला होता.

परतीच्या बसमध्ये मुलगा चष्मा न काढताच आईच्या मांडीवर झोपला. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने मुठीतली दहाची नोट उलगडली आणि माझ्या गुडघ्यावर ठेवली.

"अप्पा, हें फीला घ्या," ती म्हणाली. "मी त्या शाळेत जाते. टीव्ही परत देऊ नका. तो रडेल."

चार वाक्ये, चारही मराठीत. उच्चार माझ्या आईसारखे. बायकोने पदर तोंडाशी नेला. ही नोट तुझी आहे, हिचा हिशेब नसतो, एवढे म्हणायला पुढच्या थांब्यापर्यंतचा वेळ पुष्कळ होता. मी ती नोट घडी करून खिशात ठेवली.

सोमवारी कचेरीतून निघालो तो टीव्हीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, खुशाल आणून द्या, पण भरलेले दोन हप्ते परत मिळणार नाहीत. म्हणजे नऊशे रुपये बुडणार. नऊशे म्हणजे तिच्या इंग्रजी शाळेची अर्ध्या वर्षाची फी. त्यातच मला टीव्ही ठेवायला कारण सापडले. उरलेल्या हप्त्यांची बेरीज मी केलीच नाही. इतर वेळी मी बेरीज कधी चुकवत नाही.

आज ती कॉलेजात आहे. तमिळ माध्यमाचे पहिले वर्ष तिला फार जड गेले, हे मला तिच्या मैत्रिणीकडून बऱ्याच उशिरा कळले. त्या बसपासून ती माझ्याशी मराठीतच बोलते. पूर्वी तमिळमध्ये हट्ट करायची, रिबिनीसाठी, कैरीसाठी. मराठीत तिने मला आजवर काही मागितलेले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी टीव्हीच्या दुकानदाराला साडेचारशे रुपये दिले, मुलाच्या शाळेत फीचा पहिला भाग म्हणून सहाशे भरले, आणि मुलींच्या सरकारी शाळेत कार्यालयातल्या बाईंना वर्षाचे बेचाळीस. त्यातले बत्तीस माझे होते. उरलेली तिची दहाची नोट.