तळघरात टांगलेला टीव्ही

जर्मनीत गेर्लिंगेनला आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक स्वयंपाकघर आणि एक खोली होती. त्या एका खोलीत झोपणं, जेवणं, मुलीचं खेळणं आणि साठ सालानंतर टीव्हीसुद्धा. तो जुना टीव्ही ह्यांनी आणि विद्यापीठात संशोधन करणाऱ्या चार मराठी मुलांनी मिळून घेतला होता. वसतिगृहात ठेवता येईना म्हणून तो आमच्याकडे आला, आणि त्याच्यामागोमाग दर शनिवार-रविवारी मुलंही. मुलं गुणी होती. भांडी घासायची, मुलीला खांद्यावर घेऊन फिरवायची. पण मला वसंतात प्रयोगशाळा-सहायकाची परीक्षा द्यायची होती. पास झाले तर नोकरी होती. अभ्यासाला तेवढेच दोन दिवस मिळत, आणि फुटबॉलच्या आरडाओरड्यात आम्लांची जर्मन नावं पाठ होत नाहीत.

मी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंकडे टीव्ही ठेवायला तळघर मागितलं. त्यांच्या नवऱ्याने ते वाढवायला घेतलं होतं आणि निम्म्यावर सोडलं होतं. भिंतींना गिलावा नाही, पायाखाली माती, डोक्यावर उघड्या तुळया. बाई म्हणाल्या, "वापरा. पण जमिनीवर काही ठेवायचं नाही, बर्फ वितळलं की पाणी झिरपतं. आणि तळघराचा जिना झाडायची पाळी यापुढे कायम तुमची." त्या गावात जिना झाडायची पाळी चुकवणं म्हणजे चोरीपेक्षा थोडंच कमी. मी मुलांच्या वतीने लगेच हो म्हणून टाकलं.

जमिनीवर नाही तर टांगायचा. पाचही जण इंजिनियर, त्यामुळे कागदावर आकृत्या झाल्या, वजनाचे हिशेब झाले. मग गिरमिटाने तुळयांना भोकं पाडली, हूक पिळून बसवले, चार सरळ साखळ्या सोडल्या, त्यांना जाड फळी अडकवली आणि फळीवर टीव्ही चढवून पट्ट्याने आवळला. एकाने साखळीला लोंबकळून दाखवलं. तुळई हूं का चूं करीना.

मी वर जाऊन पुस्तक उघडलं. पहिलं पान व्हायच्या आत खालून हाक आली, "वहिनी, जरा येता का?"

खाली पाहिलं तर टीव्ही झुलत होता. बटण फिरवायला हात लावला की तो मागे पळायचा, आणि परत यायचा तो बोटांवर आपटायला. वर आपल्या स्वयंपाकघरात मालकीणबाई चालल्या की तुळया हलायच्या आणि पडद्यावरचा बातम्या सांगणारा माणूस डुलायला लागायचा. पाच माना त्याच्याबरोबर डावीकडे, उजवीकडे.

"झोका देऊ का त्याला?" मी विचारलं.

"आमच्याकडे झोपाळा असाच टांगतात," एक जण म्हणाला.

"झोपाळा हलावा म्हणून टांगतात!"

एवढ्यात मालकीणबाई स्वतःची खुर्ची घेऊन खाली आल्या. दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "मला बोट लागल्यासारखं होतंय."

हे म्हणाले, "जाऊ दे. आज परत वर नेऊ. पुढच्या शनिवारी बघू."

"वर नाही," मी म्हणाले.

"अगं, पण सामना सुरू होईल."

"होऊ दे. वर नाही. अहो, मांडवाचा खांब कशाने उभा राहतो?"

"तणाव्यांनी. चहूकडून ताणलेल्या दोरांनी," हे म्हणाले. बाकीचे तुळयांकडे बघायला लागले. मग एकदम सगळ्यांनाच ते आधीपासून माहीत होतं असं निघालं.

टीव्ही उतरवला. हूक काढून लांबच्या तुळयांना, बाहेरच्या बाजूला बसवले, म्हणजे चारही साखळ्या चार दिशांना तिरक्या ताणल्या गेल्या. फळीच्या मागच्या कोपऱ्यांपासून दोन तारा भिंतीतल्या खिळ्यांना आवळल्या. मी शिडी धरली होती आणि घाईही मीच करत होते. फळीला धक्का देऊन पाहिला. टीव्ही जरासा थरथरला आणि थांबला. मालकीणबाईंनी उठून स्वतः एक धक्का दिला, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या आणि सगळ्यात पुढे खुर्ची सरकवून बसल्या. मुलांच्या वाट्याला उलट्या बादल्या आणि बटाट्यांची खोकी आली.

"तू बसत नाहीस?" ह्यांनी विचारलं.

"चहा हवा असेल तर वर येऊन करून घ्या. आणि मुलीला इथेच ठेवा."

खोलीत जाऊन दार लावलं. टीव्हीच्या जागेवर खिडकीजवळ टेबल ओढलं. तिथे उजेड चांगला होता, हे मला इतक्या महिन्यांत कळलंच नव्हतं. खालून गोल झाल्याची आरोळी आली. त्यात मालकीणबाईंचा आवाज सर्वांत मोठा होता. मी पान उलटलं.

परीक्षा पास झाले आणि मे महिन्यात कामावर रुजू झाले. त्या हिवाळ्यात टीव्हीवर काय काय झालं, ते मात्र मला विचारू नका.